लागेल ते घ्या, जमेल ते ठेवा

ब्राइटवॉटर होम्स या कंपनीने न्यूझीलंडमधल्या टाकानिनीत दोनशे चाळीस घरं बांधली, सगळी विकली, आणि मग मालकाला, म्हणजे ग्रॅहमला, शेजाऱ्यांची आठवण झाली. शेजारी म्हणजे रस्त्यापलीकडची जुनी भाड्याची घरं, जिथे एकेका घरात तीन-तीन कुटुंबं राहतात. तेव्हा नव्या वसाहतीच्या तोंडाशी, बसस्टॉपच्या बाजूला, कंपनीने एक लाकडी कपाट उभं केलं. आत तीन फळ्या, पुढे काचेचं दार, वर पत्र्याचं छप्पर. अशा कपाटाला तिकडे पाताका म्हणतात, माओरी भाषेतलं कोठार. गावोगावी लोकांनी आपापल्या कुंपणापाशी अशी कपाटं ठेवलेली असतात. कोणी विचारत नाही, कोणी लिहून घेत नाही. दारावर एवढंच असतं: लागेल ते घ्या, जमेल ते ठेवा. ब्राइटवॉटरच्या कपाटावरही तेच होतं, फक्त वर कंपनीची पाटी होती आणि ती कपाटापेक्षा हातभर रुंद होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

ग्रॅहम माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. शनिवारी स्वतः जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आला आणि त्याने फळ्या ठोकल्या. पण धंदेवाल्या माणसाला एक खोड असते, दिलेलं कुठे गेलं ते कळल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने विचारलं, "हे चांगलं चाललंय की नाही, आपल्याला कळणार कसं?"

इथे सुमेधने तोंड उघडलं. कोणी त्याला विचारलं नव्हतं. सुमेध कंपनीचा ड्रेनेज इंजिनिअर. मूळचा कराडचा, शिकला पुण्यात, न्यूझीलंडमध्ये येऊन बारा वर्षं झालेली. कुठल्या पाइपातून तासाला किती पाणी गेलं हे मोजण्यात त्याचा जन्म चालला होता.

"मोजता येईल," तो म्हणाला. "पॉसमसाठी रानात लावतात ना, तो कॅमेरा लावू. दार उघडलं की एक फोटो. दिवसाला किती माणसं आली ते समजेल."

ग्रॅहम खूश झाला. "ब्रिलियंट, सुमेध!" तो म्हणाला, आणि सुमेध दोन दिवस हवेत होता. पॉसम म्हणजे झाडं कुरतडणारा रानटी प्राणी, त्याचा कॅमेरा आपण माणसांवर लावतोय हे त्याच्या मनातही आलं नाही. छपराच्या खाली तो कॅमेरा बसला. नियम म्हणून दाराच्या खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद चिकटवला, इथे कॅमेरा आहे असं सांगणारा. तो कोणी वाचला असेल तर वाकूनच वाचला असेल.

साडेपाच महिने गेले. जूनमध्ये थंडी पडली आणि कपाटाला सहा महिने होत आले म्हणून ग्रॅहमने एक कार्यक्रम ठरवला. शनिवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये, परिसरातल्या तीन संस्थांना कंपनीकडून देणगी, त्यानंतर चहापाणी. त्या तीनपैकी एक संस्था आपलं मराठी मंडळ. ते सुमेधनेच घडवून आणलं होतं, रविवारच्या मराठी शाळेला पुस्तकं मिळावीत म्हणून. मंडळात त्याचा भाव एकदम वधारला होता.

त्या कार्यक्रमाच्या तयारीची मीटिंग होती. कर्स्टी नावाची बाई कंपनीची चांगली कामं जगाला दाखवायचं काम करते. तिने पडद्यावर फोटो लावला. "हजारभर फोटोंतून हा निवडलाय," ती म्हणाली. "आपल्या सहा महिन्यांचा चेहरा हाच."

फोटोत एक म्हातारा होता. तपकिरी स्वेटर, कानटोपी, जरा वाकलेली पाठ. एका हातात कपाटातून काढलेला मक्याच्या दाण्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात तांबडी कापडी पिशवी. चेहरा अर्धा वळलेला होता म्हणून कर्स्टीने तो पुसट केला होता.

"ते हात बघा," कर्स्टी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "आणि पिशवीवरचं ते पॅटर्न! काय गोड आहे."

ते पॅटर्न नव्हतं. पिशवीवर पिवळ्या अक्षरांत छापलं होतं, 'शुभविवाह. सुमेध – स्वप्ना.' चौदा वर्षांपूर्वी कराडला लग्नात पाहुण्यांना वाटायला अशा तीनशे पिशव्या करून घेतल्या होत्या. उरल्या त्या अण्णांनी फडताळात ठेवल्या आणि न्यूझीलंडला येताना त्यातल्या चार घेऊन आले. खोलीत नऊ माणसं होती आणि ती अक्षरं वाचता येणारा एकटा सुमेध.

आता खरं सांगायचं तर असं सांगावं लागतं. माझ्या बापाला असं काय कमी पडलं, हा विचार सुमेधच्या मनात पहिला यायला हवा होता. तो दुसरा आला. पहिला विचार आला तो असा: हे इथे कोणाला माहीत नाही ना?

"असे फोटो वापरणं..." तो म्हणाला, "म्हणजे, चालतं का?"

"चेहरा ब्लर केलाय. वकिलाने बघितलंय. स्वीट ॲज, एकदम ओके," कर्स्टी म्हणाली.

"ग्रेट," सुमेध म्हणाला. ग्रेट! तोंडातून तोच शब्द निघाला आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

घरी आला तेव्हा अण्णा स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी चहा पीत बसले होते. अण्णा म्हणजे दत्तात्रय, सुमेधचे वडील. कराडच्या पुरवठा कार्यालयात तीस वर्षं नोकरी, रेशनची दुकानं तपासायची. बायको गेल्यावर दोन वर्षं एकटे राहिले आणि आता सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आलेले. माणूस तिरसट पण लपवाछपवी नाही. नात श्रिया त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं उत्तम जमायचं.

सुमेध समोर बसला. "अण्णा, इथे तुम्हाला काही कमी पडतंय का?"

"पडतंय ना. चहात साखर. तुझी बायको मोजून घालते."

"तसं नाही. पैसे वगैरे. तुम्ही मागत नाही म्हणून म्हटलं."

अण्णांनी कप खाली ठेवला. "सरळ बोल. आडून आडून नको."

सुमेधने मोबाईलवर तो फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा चढवला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "हा तर मीच. पाठ केवढी वाकलीय रे माझी! कोणी काढला?"

"तिथे कॅमेरा आहे."

"कपाटात? कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

"ऑफिसच्या," सुमेध म्हणाला. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

"ही टेक्स लेमन्स देअर एव्हरी मॉर्निंग, डॅड," पलीकडून श्रिया म्हणाली. "हीप्स ऑफ लेमन्स."

"ती मागच्या अंगणातली लिंबं इथे खातं कोण?" अण्णा म्हणाले. "सडून जातात. सकाळी फिरायला जाताना ती तिथे ठेवून येतो मी. श्रिया, बाळा, तू जरा वर जा." ती गेल्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसले. "त्या दिवशी तिथे मंदा उभी होती."

मंदा सुमेधला माहीत होती. मंडळाच्या गणपतीत तिने तीनशे पुरणपोळ्या एकटीने केल्या होत्या. नवरा नितीश वेल्डर. दीड वर्षापूर्वी दोघं आले होते आणि टाकानिनीतच कोणाच्या तरी गॅरेजच्या खोलीत भाड्याने राहत होते, याच्यापलीकडे सुमेधला काही ठाऊक नव्हतं. अण्णांना सगळं ठाऊक होतं. नितीशचं वर्कशॉप मार्चमध्ये बंद पडलं. व्हिसा त्या एकाच मालकाच्या नावावर, दुसरा मालक मिळेपर्यंत नितीशला काम करता येत नाही, आणि अशा व्हिसावर सरकारी मदतही नाही. मंदाला कामाची परवानगी आहे, पण आठवड्याला मिळून दहा-बारा तासांची साफसफाई मिळते.

"मला बघितलं आणि तिने दाराची मूठ सोडली," अण्णा म्हणाले. "म्हणाली, अण्णा, मी आपलं बघत होते, काय काय ठेवतात लोक. चेहरा पांढराफटक. आता मी लिंबं ठेवून निघालो असतो ना, तर ती पुन्हा त्या कपाटाकडे फिरकली नसती. उपाशी राहिली असती, पण आली नसती. मग मी हात घातला आणि समोर आला तो डबा काढला. म्हटलं, घे गं, मीपण रोज घेतो, इथे सगळेच घेतात. मग तिने तांदूळ घेतले. न्यायला पिशवी नव्हती तिच्याकडे. माझी दिली."

सुमेधने अण्णांच्या हातातल्या फोटोकडे, त्या पिशवीकडे पुन्हा पाहिलं.

"रेशनच्या रांगेत नवीन माणूस आला की त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पिशवीकडे बघायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, हळूहळू कळलं. मोठे साहेब दौऱ्यावर यायचे ते नेमके तोंडाकडे बघायचे, आणि वर फोटोग्राफर घेऊन यायचे." अण्णांनी मोबाईल परत दिला. "हा फोटो काढून टाकायला सांग. माझं काही नाही, पण त्या डबड्याने तिचेही काढले असतील. ती अजून जाते तिथे. सांगशील ना?"

"सांगतो, अण्णा."

"आणि तिचं नाव कुठे निघता कामा नये. स्वप्नाकडेसुद्धा नाही."

"नाही."

सुमेधच्या छातीवरचा धोंडा उतरला. माझा बाप गरजू नाही! त्याने चक्क एक सुस्कारा सोडला. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा बसलाय हे ऐकून आपल्याला हलकं वाटलं, याची शरम त्याला वाटली, पण ती दुसऱ्या दिवशी, मोटरवेवर गाड्या तुंबल्या तेव्हा. लाजेचं असं असतं, तिला वेळ मिळाला तरच ती येते.

कार्यक्रमाला नऊ दिवस होते. कर्स्टीची केबिन सुमेधच्या टेबलापासून वीस पावलांवर होती. 'तो म्हातारा माझे वडील आहेत' एवढं एक वाक्य, की सगळे फोटो गेले असते. पण हे वाक्य मीटिंगमध्येच म्हणायला हवं होतं. आता म्हटलं तर, "मग तेव्हा का नाही बोललास?" हे आलंच. शिवाय इंजिनिअर साहेबांचे वडील फुकटचा डबा घेताना, हे ऑफिसभर होणार. समजावायला जावं तर मंदाचं नाव. दोन्ही बाजूंनी तोंड शिवलेलं, असं तो स्वतःला सांगत राहिला. माणूस स्वतःला समजावायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

पाचव्या दिवशी त्याने कर्स्टीला ईमेल लिहिला. चार ओळी लिहून तीन खोडल्या. उरली ती अशी: तो म्हाताऱ्याचा फोटो जरा उदास नाही का वाटत, दुसरा एखादा घ्यावा का? कर्स्टीचं उत्तर लगेच आलं. "एव्हरीवन्स फेव्हरेट!" आणि पुढे एक हृदय. बाकीचे कुठले फोटो निवडलेत ते विचारावं, हे त्याला सुचलं. त्याने विचारलं नाही.

अण्णा रोज संध्याकाळी विचारायचे, "सांगितलंस का रे?"

"बोललोय त्यांच्याशी," सुमेध म्हणायचा. ईमेल पाठवला होताच की.

अण्णा आपल्या परीने वेगळंच काम करत होते. चहापाण्याचं स्वप्ना बघत होती, त्यांनी तिला गाठलं. "शनिवारच्या चहापाण्याला बटाटेवडे ठेवा ना. ती मंदा करते म्हणे फार सुरेख. ऑर्डर द्या तिला, कंपनी पैसे देईल." स्वप्नाला कल्पना आवडली, कर्स्टीला तर फारच आवडली. दोनशे वड्यांची ऑर्डर गेली. अण्णा त्या दिवशी साखरेबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

शनिवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत कंपनीची माणसं, मागे मंडळाची चाळीस-पन्नास, पैठण्या नि कुर्ते घालून, वरून जाड जाकिटं चढवून. भिंतीला लागून लांब टेबल, त्याच्यामागे मंदा. अंगात हिरवं जाकीट, त्यावर ॲप्रन. नितीश गाडीतून वड्यांचे डबे आणून ठेवत होता. ती छान दिसत होती. कामाला आलेल्या माणसाचा ताठपणा होता तिच्यात. अण्णा मुद्दाम टेबलापाशी जाऊन एक वडा खाऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा!"

ग्रॅहमने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून सुरुवात केली. मग मोठमोठे आकडे आले. कपाटाचं दार सहा महिन्यांत अकराशे वेळा उघडलं, म्हणजे अकराशे वेळा कोणालातरी मदत झाली. दिव्यांचा उजेड कमी झाला, हळुवार संगीत लागलं आणि पडद्यावर एकेक फोटो सरकू लागला. सुमेध भिंतीपाशी उभा होता.

पहिलाच फोटो अण्णांचा.

कंपनीच्या रांगेतून "ऑ" असा आवाज आला. आणि मागून मंडळाच्या वसुधाताईंचा, ज्यांना हळू बोलता येत नाही, त्यांचा आवाज: "अगं बाई, पिशवीवर सुमेध-स्वप्ना लिहिलंय!"

पन्नास मराठी डोकी एकदम पुढे झाली. वाचता येत होतं सगळ्यांनाच. आधी हशा पिकला, मग तो मावळला आणि कुजबूज सुरू झाली. हे तर दत्तात्रयकाका. म्हणजे सुमेधचे वडील... तिथून घेतात? घरात एवढं असून? स्वप्नाचा चेहरा लाल झाला. अण्णा मात्र शांत बसले होते. त्यांनी सुमेधकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली, राहू दे, अशी.

सुमेधला ती मान कळली. पण त्या कुजबुजीत त्याला फक्त स्वतःचं नाव ऐकू येत होतं. नऊ दिवस ज्याच्या घशातून एक वाक्य निघालं नव्हतं, तो चार ढांगा टाकून पडद्यापुढे जाऊन उभा राहिला.

"एक मिनिट," तो इंग्रजीत म्हणाला. "हे माझे वडील आहेत. त्यांना कशाचीही गरज नाही. प्लीज, गैरसमज नको." संगीत चालूच होतं. आवाज कापत होता त्याचा, आणि लोकांना ते भावलं. तेव्हा त्याला आणखी धीर आला. "त्यांनी तो डबा घेतला, कारण तिथे एक बाई होत्या. आमच्याच समाजातल्या. त्यांना घ्यायची लाज वाटत होती. माझ्या वडिलांनी आधी घेतलं, का तर त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये. आपली पिशवीसुद्धा त्यांनी त्या बाईंना दिली. माझे वडील असे आहेत."

टाळ्या पडल्या. ग्रॅहम उभा राहून टाळ्या वाजवू लागला. सुमेधला वाटलं, झालं, निभावलं. आणि त्याच्या लक्षात आलं, की मागच्या रांगा टाळ्या वाजवत नाहीयेत. त्या त्याच्याकडे बघतही नाहीयेत. आधी त्या त्याच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत होत्या, आणि आता एकेक मान हळूहळू भिंतीकडे वळत होती, वड्यांच्या टेबलाकडे.

तो मागे वळला. फोटो पुढे सरकला होता. कपाटासमोर एक बाई, चेहरा पुसट, अंगात हिरवं जाकीट. हातात तांबडी पिशवी, आणि तिच्यावर पिवळी अक्षरं.

मंदा हातात झारा घेऊन उभी होती. एक गोरी मुलगी तिच्यासमोर प्लेट धरून थांबली होती. मंदाने तिच्या प्लेटमध्ये दोन वडे ठेवले, चटणी वाढली. मग झारा डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर गेली. घाई केली नाही तिने. नितीश तिच्यामागे धावला. अण्णा उठले आणि खुर्च्यांना धडकत त्याच दाराकडे गेले. जाताना सुमेधच्या अंगावरून गेले, पण थांबले नाहीत.

कार्यक्रमानंतर ग्रॅहमने सुमेधच्या खांद्यावर हात ठेवला. "मेट, हे जे तू सांगितलंस ना, हे पुन्हा एकदा कॅमेऱ्यासमोर सांगशील? आणि ती लेडी तयार असेल तर तीही. जबरदस्त स्टोरी आहे."

"तिला विचारू नका," सुमेध म्हणाला. एवढंच म्हणता आलं. ग्रॅहमला त्यात नम्रता दिसली.

घरी अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. "मी गेलो तोवर गाडी निघाली होती," एवढं म्हणाले, आणि दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडले. सुमेध दारात उभा राहिला. "अण्णा, मी खरं तेच..."

"तू मला सोडवलंस," अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले. "मी कुठे अडकलो होतो?"

रविवारी सकाळपासून दारावरची बेल वाजत होती. मराठी माणूस दानशूर नाही असं कोण म्हणतं? वसुधाताई दहा किलो बासमतीची गोणी घेऊन आल्या. कोणी तुरीची डाळ, कोणी तेलाचा डबा, कोणी जुने स्वेटर. "आमचं नाव नको सांगू हो," प्रत्येक जण म्हणत होता, आणि प्रत्येकाने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं की मी काय दिलं. "तू नेऊन दे सुमेध, तुझी ओळख आहे. बिचारीने आधी सांगायचं नाही का! आपण काय परके?"

दुपारपर्यंत गाडीची डिकी भरली.

"अण्णा, चला ना माझ्याबरोबर," सुमेध म्हणाला.

"मी नाही. मी तिच्याबरोबर घेणारा होतो. आता तिच्या दारात देणाऱ्यांच्या बाजूने उभा राहू?"

सुमेध एकटा गेला. काय बोलायचं ते त्याने गाडीत चारदा म्हणून पाहिलं. माफी मागायची, हे नक्की होतं. पण नुसत्या रिकाम्या हाताने माफी मागायला त्याचे पाय पुढे होईनात. म्हणून त्याने डिकीतली गोणी उचलून खांद्यावर घेतली आणि गॅरेजच्या बाजूच्या दारावर टकटक केली. देताना माणूस जरा उंच होतो, आणि त्या दिवशी सुमेधला उंचीची फार गरज होती.

मंदाने दार उघडलं. पूर्ण उघडलं. आत एक पलंग, एक टेबल, एक शेगडी, सगळं लख्ख. पलंगाच्या कडेला नितीश मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"या ना दादा," मंदा म्हणाली. रडलेली दिसत नव्हती. "वडे पुरले का सगळ्यांना? मी मध्येच निघून आले. नीट झालं नाही ते काम."

"मंदा, मी..." चारदा म्हटलेलं सगळं गेलं. "मला असं करायचं नव्हतं. तो फोटो येणार आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणजे, बघायला हवं होतं मी. अण्णांनी मला सांगितलं होतं. कॅमेऱ्याची कल्पनासुद्धा माझीच... मी मुद्दाम नाही केलं. जे झालं तेच मी खरं खरं सांगितलं."

"हो. खरंच सांगितलंत," ती म्हणाली. "पण ते तुमचं नव्हतं ना दादा. माझं होतं."

गोणीचं वजन खांद्यात उतरायला लागलं होतं.

"तीन महिने आम्ही कसेतरी काढले," मंदा म्हणाली. "मंडळात गेले की वसुधाताई मला म्हणायच्या, मंदा, पुरणाला जायफळ किती घालतेस गं? मला तेवढं पुरायचं. मी त्यांना शिकवायचे. आता त्या विचारणार नाहीत. आता त्या पिशवी भरून देतील." तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. "ही कोणाची? त्यांचीच ना?"

"नाव सांगू नका म्हणाल्या."

मंदा हसली. अगदी थोडं, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर सुमेधने तो सुखाने घेतला असता.

तो गोणी उतरवायला वाकला. खांदा भरून आला होता, आणि उंबऱ्याच्या आत भिंतीपाशी जागा होती. मंदा चटकन पुढे झाली. तिने दोन्ही हात त्याच्यापुढे आडवे धरले, एखाद्या मुलाला अडवावं तसे.

"नको दादा, खाली नका ठेवू," ती म्हणाली. "ठेवलीत तर मला घ्यावी लागेल."